झोपलेल्या किड्यांजवळ

लाखनीच्या बाजारात माझा आवाज माझ्याआधी पोहोचायचा. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली असो, भोंगे वाजत असोत, पलीकडच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यालाही कळायचं की बाई आज कोणाशी तरी भिडली आहे. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासोळ्या विकण्यापासून मी सुरुवात केली. आज माझं दुकान आहे, बर्फाच्या पेट्या आहेत, हाताखाली दोन बाया आहेत. हे सगळं या आवाजावर उभं राहिलं. तलावाच्या पाळीवर मासोळीचा लिलाव लागतो, तेव्हा दहा पुरुषांच्या गलक्यात माझी बोली वेगळी ऐकू यायची. भाव करताना आधी चिडायचं आणि मग एकदम हसायचं, ही माझी पद्धत होती. समोरचा माणूस हसण्यावर भाव सोडतो. पण माझं सगळंच चिडणं धंद्यासाठी नव्हतं. काही आतून यायचं, आणि ते कुठून येतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या साली पोळ्याच्या सुमारास आवाज फाटायला लागला. आधी सकाळी खरखर, मग दिवसभर, मग एक दिवस लिलावात तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. दोन बाजूंना दोन पांढुरक्या गाठी होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या.

"चाळीस दिवस एक शब्द नाही," ते म्हणाले. "कुजबूजसुद्धा नाही. नाही ऐकलं तर ऑपरेशन. आणि त्यानंतर आवाज राहील, याची हमी मी देणार नाही."

मी हाताची बोटं दाखवून वीस दिवस म्हटलं.

"बाई, हा बाजार नाही," डॉक्टर म्हणाले.

पहिल्या वेळी मी दुकानात बसूनच गप्प राहायचं ठरवलं. गळ्यात पाटी अडकवली. चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकाने मासोळीचा कल्ला वर करून पाहिला आणि म्हणाला, ही कालची आहे. मी पाटीवर शिवी लिहिली. पण लिहिलेली शिवी काट्यावरच्या मेलेल्या मासोळीसारखी पडून राहते, तिच्यात जीव नसतो. मी पाटी फेकली आणि ओरडले. संध्याकाळी थुंकीत रक्ताची रेघ आली. डॉक्टरांनी मोजणी पुन्हा एकपासून धरायला सांगितली.

तेव्हा माझा भाऊ आला. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तोही मला बाईच म्हणतो. माझं माहेर पवनीकडचं, जंगलाला लागून. आमचे वडील कोशाचे किडे पाळायचे आणि आता भाऊ तेच करतो. आमच्या बाजूच्या जंगलात ऐनाची झाडं पुष्कळ. गावात त्याला येन म्हणतात. त्या झाडांवर हिरवे किडे सोडायचे, त्यांना पाला खाऊ द्यायचा, कावळे-मुंग्यांपासून राखायचं. महिना-सव्वा महिन्याने ते स्वतःभोवती कोसा विणतात, आणि त्या कोशापासून टसर रेशमाचा धागा निघतो.

"बाई, बाजारात तुले गप्प राहाले जमणार नाही," भाऊ म्हणाला. "माह्यासंग जंगलात चाल. तिथं भांडाले कोणीच नाही. किडे हायत, ते खाऊन राहतेत."

त्याची बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "येऊच द्या बाईले. एवढ्या वर्षांत पयल्यांदा नणंद घरी येईन अन् माह्यावर आवाज नाही काढणार."

मला हसू आलं, आणि हसण्याचा आवाजही काढायचा नाही म्हणून मी तोंडावर पदर दाबला.

मी लगेच हो म्हटलं नाही. त्या जंगलाशी माझं वैर होतं. आमच्या घरच्या नियमाप्रमाणे किडे झाडावर असताना पोरीबाळींनी तिकडे जायचं नाही. पुरुष आंघोळ करून, अनवाणी, बिनतेलाच्या अंगाने जायचे. त्या दिवसांत घरात मासोळी शिजत नसे. मी बारा वर्षांची होते. रोजचं जेवण आई जंगलाच्या तोंडाशी नेऊन ठेवायची. एका दुपारी ती तापाने पडली होती, म्हणून तिने मला भावासाठी शिदोरी घेऊन पाठवलं. मी आत जाऊन झाडाखाली गाठोडं ठेवलं आणि परत आले. एवढंच. त्यानंतर तीन-चार दिवसांत किडे पटापट खाली पडून मेले. वडील घरी येऊन फक्त म्हणाले, "पोरीचा पाय लागला." त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, ते एका दिवसात संपलं असतं. मग गावात धानाच्या रोवणीचा पहिला परा, म्हणजे पहिलं रोप, कोणी माझ्या हातून लावू देईना. तलावातले शिंगाडे काढायच्या लहान होडीत, डोंग्यात, मला कोणी बसू देईना. गावाजवळचं एक स्थळ आलं आणि ही गोष्ट ऐकून उठून गेलं. सोळाव्या वर्षी माझ्याहून बऱ्याच मोठ्या माणसाशी लग्न लावून मला लाखनीकडे दिलं. तो भला होता, पण लवकर गेला. मग टोपली, मग बाजार, मग हा आवाज. मी दरवर्षी भाऊबीजेला जायची, ओवाळायची, पण त्या घरात मी कधी रात्र काढली नाही. त्या जंगलाकडे तोंड करून बसले नाही.

यावेळी गेले, कारण आवाज गेला तर माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

आश्विन लागला होता. पहिल्या दिवशी भावाने जंगलाच्या तोंडाशी चपला काढल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, तू इथंच थांब. तो म्हणाला, "काढ चपला. आता बायकांले मनाई नाही. रेशीमवाले साहेब ट्रेनिंग देतेत, बायकांलेच जास्त बलावतेत." त्याची बायको पुढे निघूनही गेली होती. बेचाळीस वर्षं जी वेस मी डोक्यात बांधून ठेवली होती, ती कधीच कोणीतरी उचलून बाजूला ठेवली होती आणि मला सांगायचं राहून गेलं होतं.

पायाखाली ओली माती होती. दव इतकं की साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजला. पुढे धानाचे बांध संपले आणि ऐनाची झाडं सुरू झाली, सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीची. आत गेल्यावर मला वाटलं पाऊस लागला. वर पाहिलं तर आभाळ स्वच्छ. पानांवर, पाचोळ्यावर बारीक टपटप चालली होती, न थांबता, सगळीकडून. भावजयीने माझा चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाली, "पाणी नोहे, बाई. किडे खाऊन राहिले अन् त्याइच्या लेंड्या पडून राहिल्या."

त्या आवाजात मी दिवसामागून दिवस बसले. भावाने मला एका झाडाखाली बसायला गोणपाटाचं बोरं टाकून दिलं आणि हातात चिरलेला बांबू दिला. कावळा आला की तो जमिनीवर आपटायचा. मला बोलायची गरज नव्हती. बांबू माझ्यासाठी बोलायचा. सुरुवातीला मी कावळ्यांवरही चिडून आपटायची. भाऊ लांबून हाताने खूण करायचा, हळू, हळू. चार-पाच दिवसांनी हात आपोआप हळू झाला.

किडा पाहायला जवळ जावं लागायचं. बोटभर लांब, पानाच्याच रंगाचा, अंगावर दोन्ही बाजूंना चांदीच्या टिकल्यांसारखे ठिपके. सकाळचं ऊन तिरपं आलं की ते ठिपके चमकायचे आणि सगळं झाड दव न सुकलेल्या झाडासारखं दिसायचं. तो पान काठापासून खायचा, वरून खाली, पुन्हा वरून खाली. त्याला कशाची घाई नव्हती आणि तो थांबतही नव्हता. मी पाहत राहायची. कधी डोळे मिटायचे, कधी उघडायचे, मधला वेळ कुठे जायचा ते कळायचं नाही. बाजारात मला दुपार कधी दिसलीच नव्हती. इथे दुपार यायची, झाडांच्या बुंध्याशी बसायची, सावली थोडी सरकवायची आणि निघून जायची. माझ्या डोक्यात नेहमी कोणाशी तरी भांडण चालू असायचं. मी त्यात दोन्हीकडून बोलायची. तेही हळूहळू लांब गेलं. नदीपलीकडच्या बाजारासारखं फक्त गुणगुण ऐकू यायचं.

सातव्या-आठव्या दिवशी मी नेहमीच्या जागी आले आणि टपटप थांबलेली होती. माझ्या झाडावर पाला जवळजवळ उरला नव्हता, आणि किडे काड्यांना चिकटून डोकं वर करून नुसते बसले होते. एकही हलेना. मी बोट लावलं तरी हलेना. मला धडकी भरली. माझ्या पायाने पुन्हा मेले, असं मनात आलं. शेजारचं झाड पाल्याने भरलेलं होतं. मी एक किडा चिमटीत धरला आणि काडीवरून ओढायला लागले. तो सुटेना.

मागून माझं मनगट कोणीतरी धरलं. भाऊ पळत आला होता, त्याचा श्वास लागला होता.

"झोपले हायत, बाई. हलवशील त मरतीन."

मग त्याने सांगितलं की किड्यांच्या चार झोपा असतात. वाढलेलं अंग जुन्या कातडीत मावत नाही, तेव्हा ते खाणं सोडून दीड-दोन दिवस असे बसतात आणि कातडी बदलतात. त्या वेळी त्यांचे पाय काडीला पक्के धरलेले असतात. ओढलं तर आतून फाटतात. लगेच मरत नाहीत. दोन-तीन दिवसांनी पडतात. ही तिसरी झोप होती.

माझं मनगट अजून त्याच्या हातात होतं. त्याने ते सोडलं आणि न जेवता झाडांमध्ये निघून गेला. पुढचे कितीतरी दिवस तो माझ्या बाजूला फिरकला नाही. भावजयच मला जेवण आणून द्यायची.

मग चौथी झोप आली. शेवटची. जंगल पुन्हा निःशब्द झालं. भाऊ आला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. जमिनीकडे पाहत म्हणाला,

"बाई, तू बोलू नोको. आधी ऐकून घे. तू बोलू शकत नाही म्हणूनच सांगून राहिलो. तुहा आवाज असता त मी मेलो असतो, पण सांगतलं नसतं."

मी बांबू बाजूला ठेवला.

"त्या साली बाबा धान पाहाले गेलते. मी एकटा होतो. झाडाइच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या, अन् किडे हलत नव्हते. मले वाटलं भुकेनं मरून राहिले. मी एक एक वढून काढला अन् भरल्या झाडावर नेऊन ठेवला. सकाळपासून तेच करत होतो. तू शिदोरी घेऊन आली, तवा माहं होत आलं होतं. झोप काय असते हे मले मालूम नव्हतं. बाबानं सांगतलंच नव्हतं. मंग मरून पडले तवा बाबानं विचारलं, इथं कोण आलतं? मी म्हणलं, बाई आलती."

मी पाटी घेतली. लिहिलं, 'काहून?'

"भेव वाटलं."

मी पुसलं. लिहिलं, 'बेचाळीस वर्षं?'

"आधी बाबाचं भेव वाटे," तो म्हणाला. "मंग तू मोठी झाली, मंग तुहं वाटे."

माझा राग उठला. मला ओळखीचा होता तो, पण एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. गेलेलं स्थळ, डोंगा, परा, वडिलांची मान फिरवून बसण्याची सवय, सगळं एकदम गळ्याशी आलं. तोंड उघडलं होतं. भाऊ दोन्ही हात जोडून उभा राहिला.

"मार मले, बाई. हा बांबू घे अन् मार. पण वरडू नोको. आज अठरावा दिवस हाये."

तो दिवस मोजत होता. मी स्वतः विसरले होते.

मी तोंड मिटलं. दया आली म्हणून मिटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी हिशेबी बाई आहे. एका आरोळीसाठी पुढचा सगळा जन्म द्यायचा, हा सौदा मला परवडत नव्हता. मी उठले आणि चालू लागले. मागे जेवण घेऊन आलेली भावजय दबक्या आवाजात त्याला म्हणाली, "तुमी मानूस हाव का कोन हाव?"

झाडी जिथे विरळ होते तिथे एक नाला आहे. पावसाळा सरल्यामुळे पाणी निवळलेलं होतं, तळाचे गोटे दिसत होते. मी काठावर एका लहान ऐनाखाली बसले. तोंडाने श्वास घ्यायची आणि सोडायची, नुसती हवा. कितीतरी वेळ मी फक्त तेच केलं. पाण्यावर एक पान आलं, गोट्याला अडलं, फिरलं आणि गेलं. खंड्या पक्षी एकदा निळा होऊन पाण्यात गेला आणि तेवढाच निळा होऊन फांदीवर बसला. माझ्या रागाला कोणी उत्तर देत नव्हतं. उत्तर नाही म्हटल्यावर तो माझ्याभोवती फिरत राहिला, आणि दमल्यावर माझ्याशेजारीच बसला, त्या पाण्याकडे पाहत.

डोळ्यासमोरच्या फांदीवर एक किडा झोपलेला होता. मी पाहत होते तेव्हाच त्याच्या डोक्याचं टोपण सुटलं आणि खाली पडलं. मागे मानेशी कातडी फाटली. तो आतून थोडा फुगायचा, थोडा सरकायचा, मग थांबायचा, जणू पुढचं आठवतोय. ऊन एका पानावरून दुसऱ्यावर गेलं. जुनी कातडी मागे मागे सरकत काळसर चिंधीसारखी गोळा झाली आणि तो तिच्यातून चालत बाहेर आला, ओला, फिका, नुकत्या उकललेल्या कोंबाच्या रंगाचा. बराच वेळ तो काही खाईना. त्याचं नवीन अंग हवेला सवय करून घेत होतं.

मी तिथे संध्याकाळपर्यंत बसले. मनात एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता. मी जी कोणी झाले ती या तक्रारीच्या जोरावर झाले. लोकांनी मला ज्या दारातून हाकललं, त्याच दारासमोर एक दिवस मोठी होऊन उभी राहीन, म्हणून मी टोपली उचलली होती. आता त्या तक्रारीचा धनी सापडला, आणि तो दहा वर्षांचा घाबरलेला पोरगा निघाला. त्याच्याशी भाव कसा करायचा? मला ते उमगेना. पण न उमगताही मी बसू शकत होते, हे मला नवीन होतं. अंगात एक हलकेपणा होता, ताप उतरल्यावर येतो तसा. देवळात मी पुष्कळदा हात जोडले आहेत, दर वेळी काहीतरी मागितलं आहे. त्या दिवशी काहीच मागावंसं वाटलं नाही.

सौदा मात्र मी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहून भावापुढे धरलं, 'सगळ्यांसमोर सांग.'

"घरी सांगतो. हिच्यासमोर सांगतलंच हाये."

मी मान हलवली. नाही.

"काकाच्या घरी सांगतो."

नाही.

"बाई, लोकं हसतीन मले!"

मी पाटीवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे पाहत राहिले. ओरडता आलं असतं तर त्याने ओरडण्याला उत्तर दिलं असतं. पाहण्याला काय उत्तर देणार? थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बरं. कोसा तोडाच्या दिवशी सांगतो."

कार्तिकात किड्यांनी विणायला घेतलं. पानं जवळ ओढून ते आत बसायचे. पहिल्या दिवशी जाळी इतकी विरळ असायची की आतला किडा डोकं हलवताना दिसायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग तो धुक्यात गेल्यासारखा पुसट व्हायचा, आणि मग नुसता देठाला लटकलेला करडा-पिवळा कोसा राहायचा. मी रोज त्यांना एक एक करून दिसेनासं होताना पाहिलं. वाईट वाटत नव्हतं.

कोसा तोडायच्या दिवशी आजूबाजूच्या झाडांचे सगळे राखणदार घरच्या माणसांसह जमले. झाडाखाली नारळ फोडला, तिथेच चूल मांडली, आणि इतक्या दिवसांनी मासोळी शिजली. जेवणं व्हायच्या आधी भाऊ उभा राहिला. त्याने जसं मला सांगितलं होतं तसंच सांगितलं, मध्ये दोनदा अडखळला. कोणी हसलं नाही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. एक म्हातारी होती, तिनेच तेव्हा मला शिंगाड्याच्या डोंग्यातून उतरवलं होतं. ती सरकत जवळ आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बोल वो बाई. आता तरी बोल. शिव्या दे आमाले."

मी तिला दोन बोटं दाखवली. दोन दिवस बाकी होते.

भावजय म्हणाली, "परवा या आजी, परवा देईन." तेव्हा मात्र सगळे हसले, आणि म्हातारी रडायला लागली. मी तिच्या पानात मासोळीचा मधला तुकडा वाढला.

भंडाऱ्याला डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी बसल्या होत्या. "बोला," ते म्हणाले. चाळीस दिवसांनंतर काय बोलावं ते सुचेना. "काय बोलू?" असंच निघालं. आवाज होता, पण माझा जुना नव्हता. खालचा, थोडा घोगरा, शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढा.

"यापुढे हाच," डॉक्टर म्हणाले. "लिलाव दुसऱ्या कोणाला तरी बोलायला लावा. तुम्ही ओरडलात की संपलं."

आता लिलावात माझ्या दोन बायांपैकी एक बोली बोलते आणि मी मागे उभी राहून तिच्या पाठीत बोट खुपसते. धंदा चालतो. राग गेला, असं मी म्हणणार नाही. काही दिवशी सकाळी उठल्या उठल्या तो उशाशी बसलेला असतो. मग मी दुकान बायांवर सोडते आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसते, ऊन तापेपर्यंत. रागही येतो, शेजारी बसतो. आम्ही दोघं पाण्याकडे पाहतो.

डॉक्टरांनी मला बोलायला लावलं, त्याच दिवशी मी भंडाऱ्याहून परत निघाले. बस कारध्याच्या पुलावर आली तेव्हा भावाचा फोन आला. खाली वैनगंगा रुंद आणि स्थिर पसरली होती, दुपारच्या उन्हात तिच्यावर डोळा ठरत नव्हता, आणि मधोमध एक डोंगा होता, चालतोय की थांबलाय ते कळत नव्हतं.

"बाई, आवाज आला काय?" भाऊ विचारत होता.

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

"आला," मी म्हणाले. "हळू आला."

"मंग आता वरडशील काय मले?"

डोंगा पुलाच्या खांबाआड गेला आणि पलीकडून निघाला. चालतच होता तो.

"पाहू," मी म्हणाले.